संवादांची टक्केवारी

वकिली व्यवसायात तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणत्याही समारंभाची पत्रिका हाती आली, की तो आधी नियम वाचतो आणि मग पाहुण्यांची नावे. आम्हीही त्याला अपवाद नाही. आज पोर्तुगालमधील चित्रपट पुरस्कारांविषयी लिहावयास बसलो आहोत, ते एका नियमाच्याच निमित्ताने. बेळगावच्या वकिलाचा लिस्बनच्या पुरस्कारांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, पण तो सरळ रस्त्याचा नाही, चोर्ला घाटातून वळसे घेत जाणारा आहे.

आमच्या पक्षकारांपैकी पुष्कळ घराणी अर्धी बेळगाव-खानापुरात आणि अर्धी डिचोली-सत्तरीत पसरलेली आहेत. सोयरीक घाटाच्या दोन्ही अंगांना, देव गोव्यात आणि नोकरीधंदा इकडे. घरातील कर्ता पुरुष गेला, की वाटणीचा प्रश्न उभा राहतो आणि तेथे आमची गाठ १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेशी पडते. ही संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ साली पोर्तुगीज गेले. परंतु १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने त्यांचे कायदे तेथेच राहिले. गोमंतकीयाची गोव्याबाहेरील मालमत्ताही वारसाहक्कापुरती त्याच संहितेच्या कक्षेत येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि आमच्या टेबलावरील पिवळ्या कागदांची चळत आणखी वाढली. ते कागद मराठीत नसतात, इंग्रजीतही नसतात. भाषांतरकारावर किती दिवस विसंबून राहायचे, असा विचार करून चाळिशीत आम्ही पोर्तुगीज शिकावयास घेतली. डिचोलीचे एक निवृत्त लिपिक आमचे गुरू. दोन पावसाळे त्यांच्याकडे जाऊन दस्तऐवज वाचावयास शिकलो. पण कोणी ती भाषा बोलू लागले, की आमच्या कानांवरून पाणीच वाहून जाई. तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, कागदावरची भाषा डोळ्यांना येते, कानांना नाही. तुम्ही सिनेमा बघा." गुरूची आज्ञा म्हणून आम्ही पोर्तुगीज चित्रपट पाहू लागलो. कोणते पाहावेत हे सांगणारे जवळ कोणी नव्हते, म्हणून दरवर्षी तेथील राष्ट्रीय पुरस्कारांची यादी काढायची आणि तीमधील जे मिळेल ते पाहायचे, असा परिपाठ ठेवला.

त्या पुरस्कारांचे नाव सोफिया. पोर्तुगालची चित्रपट अकादमी २०११ साली स्थापन झाली आणि त्यानंतर लवकरच हे पुरस्कार सुरू झाले. काही सोहळे लिस्बनजवळच्या एस्तोरिल येथील कसिनोच्या सभागृहात झाले आहेत. मांडवीतील जहाजे पाहून कसिनो या शब्दावर नाक मुरडणाऱ्या आमच्या पणजीच्या मित्रांना हे सांगितले, तेव्हा त्यांना फार मौज वाटली. पण मौजेची खरी गोष्ट पुरस्काराच्या नावात आहे. हे नाव एका कवयित्रीचे आहे: सोफिया द मेलो ब्रेय्नर आंद्रेसेन. जन्म १९१९ चा, पोर्तो शहरातला. मृत्यू २००४ साली. पोर्तुगीज साहित्यातला कामोंइश हा सर्वोच्च सन्मान १९९९ साली त्यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पोर्तुगालच्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०१४ साली त्यांचे अवशेष राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलवण्यात आले. चित्रपटांच्या पुरस्काराला नटाचे नाही, दिग्दर्शकाचे नाही, कवयित्रीचे नाव द्यावे, हे आम्हाला त्या देशाविषयी पुष्कळ काही सांगून गेले. चित्रपटाशी त्यांचा अगदीच संबंध नव्हता असेही नाही. जुआंव सेझार मोंतेयरो या दिग्दर्शकाने १९६९ साली त्यांच्यावर एक लघुपट केला होता.

येथे वकिली अभिमानाने एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या सोफियाबाईंचे यजमान फ्रान्सिस्कु सोझा तावारेस हे वकील होते आणि सालाझारशाहीचे विरोधक होते. २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याने उठाव केला, सत्ताधीश कार्मो चौकातल्या बराकीत अडकून पडले आणि बाहेर लोकांचा समुद्र जमला, तेव्हा पहारेकऱ्याच्या चौकीवर चढून हातात कर्णा घेऊन जमावाशी बोलणारे गृहस्थ हेच. आमच्या बिरादरीतले लोक सहसा गाऊन सांभाळत जिने उतरत असतात. चौकीवर चढलेला वकील विरळा. पुढच्याच वर्षी सोफियाबाई स्वतः नव्या राज्यघटनेसाठी निवडलेल्या सभेच्या सदस्य झाल्या.

भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्या नावाचे स्पेलिंगही पाहावे. पोर्तुगालने १९११ साली आपल्या लेखनपद्धतीत मोठी सुधारणा केली. ग्रीकमधून आलेला 'पी-एच' हा जोड काढून त्या जागी साधा 'एफ' आणला आणि अनावश्यक दुहेरी अक्षरे गाळली. आमच्याकडे येणाऱ्या त्यापूर्वीच्या दस्तांत औषधालयाचा शब्दही 'पी-एच' घालून लिहिलेला असतो, त्यानंतरच्या दस्तांत 'एफ' घालून. कागदावर तारखेचा कोपरा फाटलेला असेल, तर या एका खुणेने आम्ही तो कागद १९११ च्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज बांधतो. (बनावट दस्त करणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचू नये.) सोफियाबाई जन्मल्या १९१९ साली, सुधारणेनंतर आठ वर्षांनी, तरी त्यांच्या नावात जुना 'पी-एच' राहिला आणि मेलो या कुलनामात दुहेरी 'एल' राहिला. आपल्याकडे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पण जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते अजून डोळे वटारून बसलेले दिसतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय 'पुरस्कार' या अर्थाचा पोर्तुगीज शब्द पोर्तुगालमध्ये 'ए'वर तिरकी रेघ देऊन लिहितात आणि ब्राझीलमध्ये छोटे छप्पर देऊन, कारण तेथे तो स्वर आखूड तोंडाने उच्चारतात. लेखन एक करण्याचा करार होऊनही ही रेघ आणि हे छप्पर दोन्ही ग्राह्य राहिले. आम्हाला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. बेळगावी मराठीला पुण्याच्या कसोटीवर घासणाऱ्यांनी त्यावर थोडा विचार करावा.

एक कोटीच्या आसपास वस्तीचा देश. आपला एक पुणे जिल्हाच २०११ च्या जनगणनेत चौऱ्याण्णव लाखांवर होता आणि मराठी मातृभाषा सांगणारे त्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख भरले. इतक्या लहान घरचा चित्रपट, आणि शेजारी वीस कोटींचा ब्राझील त्याच भाषेत मालिका आणि गाणी ओतत असलेला. एवढ्या थोड्या लोकांत दरवर्षी पुरस्कार द्यायचे म्हणजे फिरून तीच नावे येणार, ही टीका त्या सोहळ्याविषयी ऐकू येण्यासारखी आहे आणि ती खोटी नसावी. तरी ती यादी आमच्या कामाची ठरली. २०१७ च्या सोफिया सोहळ्यात इवो फेरेयरा यांचा 'कार्ताश दा गेर्रा', म्हणजे 'युद्धातील पत्रे', सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. अंतोनिउ लोबो अंतुनेश हे पुढे फार मोठे कादंबरीकार झाले. तरुणपणी ते सैन्यातले डॉक्टर म्हणून अंगोलात होते आणि १९७१ ते १९७३ या काळात तेथून पत्नीला पत्रे लिहीत होते. चित्रपट त्या पत्रांवर उभा आहे. कृष्णधवल चित्रे, आणि त्यांवर पत्रे वाचणारा बहुतेक पत्नीचाच आवाज. आमच्यासारख्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता? एकच स्वच्छ आवाज, न घाईने बोललेला. आम्ही तो चित्रपट चार वेळा पाहिला. पहिल्यांदा कानांसाठी, नंतर स्वतःसाठी. अंगोलातील युद्ध १९६१ च्या आरंभी पेटले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या साम्राज्याचे कागद आम्ही वाचतो, ते इकडून उठल्यावर तिकडे आणखी तेरा वर्षे तरुण मुलांना मारत आणि मरवत राहिले, हे आम्हाला कोणत्याही दस्ताने सांगितले नव्हते.

पणजीच्या इफ्फीत २०२१ च्या जानेवारीत तियागु गेदेश यांचा 'आ एर्दादे' स्पर्धेत होता. तेजो नदीच्या दक्षिणेकडील एका मोठ्या जमीनदार घराण्याची कथा, क्रांतीच्या अलीकडची आणि पलीकडची. महामारीमुळे सभागृहात एक खुर्ची सोडून एक माणूस. जमिनीच्या दाव्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने तो चित्रपट पाहताना जे केले असते, तेच आम्ही केले: वारस मोजत बसलो. तेथेच एका गोमंतकीय मित्राशी मध्यंतरात बोलणे निघाले, ते त्याच्या महिनाभर आधी पोर्तुगालच्या अकादमीवर ओढवलेल्या प्रसंगाविषयी.

प्रसंग असा. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी प्रत्येक देश एक चित्रपट पाठवतो. पोर्तुगालकडून तो निवडण्याचे काम सोफिया पुरस्कार देणारी हीच अकादमी करते. २०२० साली तिने आना रोशा द सोझा यांचा 'लिसन' निवडला. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाने पदार्पणाचा सन्मान मिळवला होता. लंडनच्या कडेला राहणारे एक गरीब पोर्तुगीज कुटुंब; नवरा-बायको आणि तीन मुले. मधल्या मुलीला ऐकू येत नाही, तिचे श्रवणयंत्र मोडते, नवे घ्यावयास पैसे नाहीत. शाळेला आई-बापांविषयी संशय येतो, समाजकल्याण खात्याची माणसे घरी येतात आणि मुले घेऊन जातात. उरलेला चित्रपट ती मुले परत मिळवण्याच्या धडपडीचा. ही धडपड इंग्रज अधिकाऱ्यांसमोर आहे, म्हणून ती इंग्रजीत आहे. घरातल्या घरात पोर्तुगीज, मुलीशी हातांची भाषा, आणि दार उघडले की इंग्रजी.

ऑस्करच्या नियमाप्रमाणे या विभागातल्या चित्रपटातील निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावे लागतात. 'लिसन'मध्ये इंग्रजी अधिक भरली. चित्रपट बाद झाला. याच्या आदल्या वर्षी नायजेरियाचा 'लायनहार्ट' याच कारणाने बाद झाला होता, आणि नायजेरियाची तर राजभाषाच इंग्रजी. गंमत अशी, की त्याच सुमारास या विभागाचे नाव 'परकीय भाषेतील चित्रपट' बदलून 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' असे केले गेले होते. शीर्षक बदलले आणि कलम तसेच ठेवले. आमच्या व्यवसायात अशा मसुद्याला काय म्हणतात ते येथे लिहिण्याजोगे नाही.

पोर्तुगालच्या अकादमीने मग दुसरा चित्रपट पाठवला: पेद्रो कोश्ता यांचा 'व्हितालिना व्हारेला'. लोकार्नोला २०१९ चा सुवर्ण बिबळ्या मिळवणारा. केप व्हर्दे बेटांवरची एक बाई नवऱ्याच्या बोलावण्याची आयुष्यभर वाट पाहते आणि लिस्बनला पोहोचते ती त्याच्या अंत्यविधीनंतर तीन दिवसांनी. व्हितालिना व्हारेला हे त्या बाईचे खरे नाव. तिनेच आपली भूमिका केली आणि लोकार्नोत अभिनेत्रीचा पुरस्कारही तिलाच मिळाला. या चित्रपटात बोलली जाते ती मुख्यतः केप व्हर्देची क्रिओल. म्हणजे पोर्तुगीज कुटुंबाचा चित्रपट इंग्रजी जास्त म्हणून गेला, आणि ज्यात पोर्तुगीज ही दुय्यम भाषा आहे असा चित्रपट पोर्तुगालचा प्रतिनिधी म्हणून बिनतक्रार चालला! क्रिओल ही पोर्तुगीजची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात आम्ही येथे शिरत नाही. शिरलो तर गोव्याचे वाचक, दोन्ही बाजूंचे, आम्हाला घाट चढू देणार नाहीत.

इफ्फीच्या त्या मध्यंतरात आम्ही या नियमावर मनसोक्त तोंडसुख घेतले. "भाषा ही काय दुधातले पाणी आहे, टक्क्यांनी मोजायला?" हे आमचेच वाक्य. मित्राने चहा पाजला. आमच्या वक्तृत्वावर आम्ही खूश होतो.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर आमच्याकडील एका छोट्या मंडळाने सीमाभागातील मराठी लघुपटांची स्पर्धा घ्यायचे ठरवले. मंडळाचे नाव देत नाही. कारण पुढे जे घडले त्याचा दोष मंडळाचा नाही. नियमांचा मसुदा करण्याचे काम साहजिकच वकिलाकडे आले. आम्ही एका बैठकीत अकरा नियम लिहून दिले. त्यातला नियम क्रमांक चार असा होता: 'लघुपटातील किमान पंचाहत्तर टक्के संवाद मराठीत असावेत.' ऑस्करवाले निम्म्यावर थांबले होते. आम्ही त्यांच्याही पुढे गेलो. आणि लिहिताना आम्हाला 'लिसन'ची आठवणसुद्धा झाली नाही. आजही ते आठवले, की आपल्याच स्मरणशक्तीचा उलटतपास घ्यावासा वाटतो.

पहिल्या वर्षी काही बिघडले नाही. दुसऱ्या वर्षी खानापूर तालुक्यातील एका मुलीने चौदा मिनिटांचा लघुपट पाठवला. वय चोवीस-पंचवीस, मोबाइलवर चित्रण केलेले. तिची आईच त्यात प्रमुख भूमिकेत होती. शेताच्या उताऱ्यावर नवऱ्याचे नाव चुकीचे पडले आहे, ते दुरुस्त करून घ्यावयास एक विधवा बाई सरकारी कचेरीत जाते. अर्ज कन्नडमध्ये, फलक कन्नडमध्ये, कारकून कन्नड बोलणारा. तो कारकून वाईट नाही. त्याला मराठी येत नाही एवढेच. तो तिला तीनदा सारखेच सांगतो, प्रत्येक वेळी थोडे मोठ्याने, जणू आवाज चढवला की अर्थ पोहोचतो. रांगेतला एक मुलगा थोडे समजावून देतो, त्यालाही घाई असते. बाई मान हलवते, कागद घडी करते, बाहेर येऊन बसथांब्यावर बसते. तेथे शेजारच्या बाईशी ती जे बोलते तेवढी काय ती मराठी.

परीक्षकांना तो लघुपट आवडला होता, हे आम्हाला ठाऊक होते. तरी त्यांच्यापैकी एकाने शंका काढली, की हा नियमात बसतो काय. शंका आली म्हणजे निवाडा हवा. आमच्या कचेरीत ज्युनिअरने मोबाइलचे स्टॉपवॉच लावले आणि आम्ही दोघांनी दाराला कडी घालून संवाद मोजले. एकूण सहा मिनिटे दहा सेकंद बोलणे. त्यात मराठी एक मिनिट पंचावन्न सेकंद. टक्केवारी एकतीस. ज्युनिअर म्हणाला, "सर, ती गप्प बसलीय तो वेळ कशात धरायचा?" आम्ही त्याला म्हणालो, नियमात 'संवाद' असा शब्द आहे, मौन हा संवाद नव्हे. त्याने तसे लिहून घेतले. पत्रावर सही आमची होती.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. ती भांडली नाही. म्हणाली, "वकीलसाहेब, नियम आधी वाचायला पाहिजे होता, चूक माझीच. पण आईला तिथे बोलायला मिळालं असतं, तर टक्केवारी आपोआप भरली असती ना?" आम्ही नियमाचे समर्थन केले. एकदा अपवाद केला की पुढच्या वेळी नकार देता येत नाही, वगैरे. ही वाक्ये आमच्या जिभेवर तयार असतात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि 'बरं' म्हणून फोन ठेवला.

'लिसन' आम्ही खरे तर त्यानंतर पाहिला. बाद होण्याची बातमी वाचून त्यावर व्याख्यान दिले होते, चित्रपट मात्र पाहिलेला नव्हता. सोफिया पुरस्कारांत त्याचा गौरव झाल्याचे वाचले होते. परक्यांनी नाकारलेल्याला घरच्यांनी पाट मांडला, एवढे समाधान मानून आम्ही थांबलो होतो. चित्रपट मिळाला आणि एका रविवारी रात्री पाहावयास बसलो. लुसिया मोनीझ ही अभिनेत्री आईची भूमिका करते. अधिकाऱ्यांसमोर बसलेली ती आई शब्द शोधते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहून आम्हाला बसथांब्यावरची ती बाई दिसली. अगदी तीच मान, तीच ओठांची घडी. मुलगी झालेली मेझी स्लाय ही बालनटी स्वतः कर्णबधिर आहे, आणि आम्ही मात्र कान धडधाकट असून स्टॉपवॉच लावून बसलो होतो. चित्रपट तेथेच थांबवला. उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही नियम क्रमांक चार बदलण्याचा ठराव मांडला. वाटले होते, चूक कबूल केली की काम झाले. तसे झाले नाही, आणि विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्लेल्या आहेत. त्यांचा डावा खांदा अजून वर जात नाही. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्याकडे सरकार नाही, अनुदान नाही. लोकांनी पाचशे-हजार दिलेत ते मराठीसाठी. हा एक नियम तेवढा आपल्या हातात आहे, तोही तुम्ही सोडवताय." मागच्या वर्षी आलेल्या दोन प्रवेशिकांची त्यांनी आठवण दिली: सगळे बोलणे हिंदीत आणि शेवटी एक मराठी गाणे. नियम चार नसता तर त्या आत आल्या असत्या आणि तांत्रिक सफाईवर कदाचित जिंकल्याही असत्या.

त्यांचे खोटे नाही. ऑस्करच्या नियमामागेही हाच विचार आहे; तो काढला तर इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत देशांचे चित्रपट त्या विभागातही पंगत मारून बसतील. आणि वकील म्हणून आम्हाला आणखी एक भीती आहे, ती बैठकीत कोणी बोलले नाही. टक्केवारीचा नियम आंधळा असतो, पण तो भांडण लावत नाही. स्टॉपवॉच कोणाचा मेहुणा नसतो. त्याऐवजी परीक्षकांच्या विवेकावर सोडले, की निकालानंतर कोण कोणाच्या गावचा याची चर्चा सुरू होते, आणि आमच्यासारखी छोटी मंडळे वैऱ्यांनी मोडलेली नाहीत, अशाच चर्चांनी मोडली आहेत. आमच्या देशातही हा प्रश्न काही सोपा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चारही भाषा आहेत, जशा त्या मुंबईच्या कोणत्याही कनिष्ठ न्यायालयात असतात. आमचा नियम चार लावला असता, तर निदान स्टॉपवॉच तरी काढावे लागले असते.

आम्ही नवा मसुदा केला. त्यात टक्केवारी ठेवली आहे, पण निम्म्यावर आणली आहे. आणि एक परंतुक जोडले आहे, की कथानकातील मराठी भाषक पात्राला अन्य भाषेला सामोरे जावे लागणे हाच लघुपटाचा विषय असेल, तर ही अट लागू होणार नाही. मात्र दिग्दर्शकाने तसे कारण एका पानात मराठीत लिहून द्यावे. सहकारी म्हणाले, "कारण काय, कोणीही लिहील." आम्ही म्हणालो, मराठीत एक पान लिहून दाखवणे ही अट आजकाल वाटते तेवढी सोपी नाही. त्यावर ते हसले. पण मत मात्र त्यांनी अजून दिलेले नाही.

मसुदा तयार झाल्यावर आम्ही त्या मुलीला पत्र लिहिले, हाताने, दोन पाने. आमची चूक कोणती, ती नियम पाळण्यात नसून लिहिण्यात कशी होती, हे सगळे. ती आता बेंगळुरूला आहे, एका कन्नड मालिकेच्या संकलन विभागात काम करते. तिचा फोन आला. नव्या मसुद्याविषयी ती फारसे बोलली नाही. मात्र एक गोष्ट तिने सांगितली, जी आम्हाला ठाऊक नव्हती. आमचे नकाराचे पत्र मिळाल्यावर तिने कारकुनाचे संवाद मराठीत करून लघुपट पुन्हा पाठवण्याचे ठरवले होते. मुदत संपायला तीन दिवस होते. शेजारच्या मास्तरांकडून तिने आवाजही भरून घेतला. मिगेल गोमेश यांच्या 'ग्रँड टूर'मध्ये ब्रह्मदेशातले इंग्रज अधिकारी खुशाल पोर्तुगीज बोलतात, आणि ज्या देशात कथा जाईल त्या देशाच्या भाषेत निवेदन चालते. त्याला २०२४ साली कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तेथे तो उघड मांडलेला खेळ आहे. प्रेक्षक आणि दिग्दर्शक दोघांनाही ते ठाऊक आहे. येथे मात्र ती युक्ती आमच्या नियमाने एका मुलीवर लादली असती आणि आम्ही त्यावर शिक्का मारला असता, अस्सल मराठी म्हणून.

तसे झाले नाही ते तिच्या आईमुळे. मराठी बोलणारा कारकून पडद्यावर पाहून त्या माउलीला हसू आवरेना. ती म्हणाली, "त्या सायबाला एवढी मराठी येत असती, तर मी घरी रडत कशाला आले असते?" मुलीने तो आवाज पुसून टाकला.

आम्ही विचारले, उताऱ्याची गोष्ट कल्पित होती की खरी. ती म्हणाली, खरी. वडिलांच्या नावाची दुरुस्ती अजून झालेलीच नाही. ते प्रकरण आम्ही आता फी न घेता हाती घेतले आहे. अर्ज मागच्या आठवड्यात दाखल केला, कन्नडमध्ये. सुनावणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे आणि मंडळाची बैठक त्याआधीच्या रविवारी.